पान्याला अडकवलेला पाइप

अण्णा,

तुमची गाडी मी उघडली. अठ्ठावीस वर्षं ती घरामागे पत्र्याच्या शेडखाली पडून होती. निवृत्तीनंतर हाताला काम हवं म्हणून मी तिच्याखाली शिरलो. तुम्ही आवळलेला एक बोल्ट सरळ निघेल तर शपथ. कुणाचं डोकं गोल झालेलं, कुणाचे आटे भुगा होऊन हातात येतात, आणि इंजिनाखालच्या ऑइल चेंबरचे दोन बोल्ट पाना लावताच मोडून आतच राहिले. दर खंडेनवमीला तुम्ही सोवळं नेसून, पान्याला हातभर पाइप अडकवून, एकूण एक बोल्ट आणखी थोडा पिळायचात आणि मगच गाडीला हळदकुंकू लावायचात. आपले आजे-पणजे दरबारात कारभारी, तेव्हा मेकॅनिकने घट्ट केलेलं तुम्हांला घट्ट कसं वाटणार? आईला लोणच्याच्या बरणीचं झाकण तुम्ही ऑफिसातून आल्याशिवाय उघडता येत नसे, आणि तुम्हांला त्याचंही कौतुक होतं.

ती शेवटची नवमी मला लख्ख आठवते. चार दिवसांपूर्वीच आपल्या मेकॅनिकने ऑइल बदलून दिलं होतं. तुम्ही गाडीखाली आडवे होऊन ऑइल काढायचा बोल्ट पिळता आहात, मी शेजारी पूजेचं तबक धरून उभा आहे. कर्र आवाज होतो आणि पाना नुसताच फिरायला लागतो. तुम्ही माझ्याकडे बघता, आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा मागवता, तो नळाच्या जोडाला लावायच्या सफेद्यात भिजवून बोल्टला गुंडाळता आणि बॉनेटवर हार घालता. दुसऱ्या दिवशी सोनं द्यायला सोनकच्छला मावशीकडे निघालो. वाटेत सगळं ऑइल गळून इंजिन जाम झालं. त्यानंतर आठवडाभर दारात येईल त्याला तुम्ही सांगत होता की त्या गाढवाने आटे घालवले. तो विचारायला आला तर त्याला पायरीवरच उभा ठेवून, चार लोकांदेखत आणि माझ्यादेखत, हात चालत नसतील तर भाजीची गाडी लाव म्हणालात. गल्लीतल्या आपल्या लोकांनी त्याच्याकडे गाड्या देणं बंद केलं आणि वर्षभरात तो देवास सोडून गेला. तुमचं जेवण एक दिवसही चुकलं नाही. तुमच्याइतका हलका माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि रोज सकाळी मी तुमच्या पाया पडत होतो.

आता इथल्या दोन मेकॅनिकनी नवं इंजिन टाका म्हणून हात झटकले. मोडके बोल्ट काढणारा एकच माणूस उरलाय, धारला, असं दोघंही म्हणाले. नाव विचारलं, तर तो आपलाच मेकॅनिक. तरी इंजिन टेम्पोत घालून गेलो. त्याने मला ओळखलं, बसायला स्टूल दिलं. मोडक्या बोल्टाच्या थोटकावर नट वेल्ड केला, तापलेल्या लोखंडाला मेणबत्ती टेकवली, मेण आत झिरपू दिलं, आणि मग पाना थोडा पुढे, थोडा मागे. दोन्ही बोल्ट मुकाट्याने बाहेर आले. त्यात जोर कुठेच नव्हता. मग ऑइलच्या भोकात, गेलेल्या आट्यांवरून बोट फिरवून तो म्हणाला, "इसमें बुश डालना पड़ेगा. ये पाने से नी गया भिया, पाइप से गया है."

मी म्हणालो, तुला कळलं तर.

"मालूम तो उसी दिन था," तो फडक्याला बोट पुसत म्हणाला. "सीढ़ी पे इत्ती देर इसलिए खड़ा था कि भिया कुछ बोलेंगे."

अण्णा, मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो, नोकरी होती, एक मुलगी होती. धारच्या त्या स्टुलावर मी साठीचा होतो, तुम्ही जाऊनही बारा वर्षं झाली होती, कुणाची भीती उरलेली नव्हती. मी त्याला विचारलं, नव्या आट्यांचा बुश कधीपर्यंत बसेल.

गुरुवारी, म्हणाला. आज शुक्रवार आहे आणि मी अजून गेलेलो नाही. हे सगळं त्याला सांगायचं आहे. तुम्हांला लिहीत बसलोय, कारण तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत उभे राहणार नाही.