नऊ नंबरलाही न मरणारी प्रोसेस

मंगळ. २२ जुलै
सकाळीच मढहून सुनंदाताईंचा फोन. कोळणींच्या सोसायटीची कोल्ड रूम त्या बघतात. "भाऊ, तुमचा डबा झोपला. आकडा उणे अठरावर चिकटलाय, पन आत हात घातला तर गार लागत नाय." मागून त्यांचा दीर काशीनाथ : "इंजिनेर फोनवरनं फ्रीज दुरुस्त करतो, बघा." हळूच बोलला होता. माझे कान त्याला माहीत नाहीत.
अंधेरीच्या गाळ्यातूनच नेटवरून डब्यात, म्हणजे कोल्ड रूम सांभाळणाऱ्या आमच्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये, शिरलो. कॉम्प्रेसर चालू-बंद करणारी आपली प्रोसेस गप्प. किल, म्हणजे 'मर' असा सिग्नल दिला, मेली नाही. नऊ नंबरचा दिला. त्याला कुठलीही प्रोसेस नाही म्हणू शकत नाही. हिने म्हटलं. शेवटी ताईंना मेन स्विच पाडून चढवायला सांगितला. चालू.
पण का —

गुरु. २४
परत अडकली. स्थितीच्या रकान्यात D. म्हणजे कर्नलच्या, सिस्टिमच्या गाभ्याच्या, आत झोपलीय. ज्याची वाट बघतेय ते येईपर्यंत कोणाचं ऐकणार नाही. सिग्नल दारात पडून.
वाट बघतेय कॉन्टॅक्टरची. तो टाक्कन पडणारा मोठा स्विच 'कॉम्प्रेसर थांबला' असा निरोप देतो, मग ही पुढे सरकते. मढची खारी हवा. पॉइंट गंजले असणार.
मृणाल (गाळ्यात आठ वर्षं; प्रोग्राम तिचा, त्याला स्विचशी जोडणारा ड्रायव्हर माझा) : "गंज असता तर रोज अडकली असती ना, काका." म्हटलं, गंजालाही मूड असतो. हसली नाही.

शनि. २६
मालाडवरून बसने मढ. नवा कॉन्टॅक्टर लावला. ताईंनी चहा दिला, काशीनाथने सल्ला.
डब्याआधी बाया पाळीपाळीने रात्रभर स्विचपाशी बसून हाताने चालू-बंद करायच्या. सध्या आत बर्फ आणि थोडी खाडीची मासळी. नारळी पुनवेनंतर होड्या गेल्या की खोली भरणार. त्याआधी, येत्या ८ तारखेला सभा : डबा ठेवायचा की काढायचा. ताई म्हणाल्या, "मी सभेत उभी राहून बोललेली, बायांनी आता रातपाली कराची नाय. मना तोंडघशी पाडू नका." एरवी हसून बोलणारी बाई.

रवि. २७
अडकली. नव्या कॉन्टॅक्टरवर!!
या वेळी फोन पॅनलपाशी ठेवायला सांगितला होता. टाक. स्वच्छ ऐकलं. म्हणजे निरोप निघाला. प्रोसेस म्हणते आलाच नाही. दोघांपैकी कोणीतरी खोटं बोलतंय, आणि दोघं माझीच.

मंगळ. २९
जुना ड्रायव्हर उघडला. झोपायच्या ओळीवर शेरा : 'कॉम्प्रेसर थांबेपर्यंत कोणाचंही ऐकायचं नाही.' खाली माझी आद्याक्षरं.
आठवलं. घाटकोपरचा आइस्क्रीमवाला. त्याच्या माणसाने प्रोग्राम मध्येच मारला, लगेच परत चढवला. कॉम्प्रेसरला तीन मिनिटं विश्रांती लागते, ती मिळाली नाही, जळाला. त्या रागात मी झोप बहिरी करून टाकली. वाकोल्यात मिक्सर दुरुस्त करायचो तेव्हाची सवय : गिऱ्हाईक हात घालील तिथे झाकण ठोकून बंद करायचं.
बहिरी का ते कळलं. अडकते का, ते नाही.

गुरु. ३१
गाळ्यातच टेबलावर मढसारखी मांडणी. कॉम्प्रेसरच्या जागी बल्ब. चार तासांत अडकली! आनंदाने मृणालला वडापाव.
बघायला म्हणून ड्रायव्हरमध्ये एक ओळ टाकली : 'आता झोपतो' एवढंच लॉगमध्ये लिही. बस.
तेव्हापासून अडकतच नाही.

रवि. ३ ऑगस्ट
तीन दिवस ठीक. ओळ काढली, दुपारपर्यंत अडकली. परत घातली, ठीक. नुसतं बोलल्याने बरं वाटतं, माणसासारखं. मी पार गोंधळलोय.
मृणाल : "काका, ती ओळ वेळ खाते. तेवढ्यात निरोप येऊन जातो." कागदावर मांडलं तिने. ड्रायव्हर आधी विचारतो, निरोप आला? नाही. मग झोपतो. त्या दोन्हींच्या फटीत निरोप आला तर? उठवणारा उठवून जातो, पण हा अजून झोपलाच नाही. मग झोपतो. कायमचा.
म्हणजे आधी झोपणाऱ्यांच्या यादीत नाव घालायचं, मग विचारायचं. उलटं लिहिलं होतं मी. सहा वर्षं चाललं कसं?

मंगळ. ५
क्रम सुलटा केला. नऊ नंबर ऐकेल अशी झोप केली. तीन मिनिटांचा टायमर बाहेरून लावला. बोलकी ओळ काढली. झकास.
संध्याकाळी टेबलावर अडकली. किल दिल्यावर मेली, गुणी मुलीसारखी. पण अडकली का?

गुरु. ७
डब्यात घालायची दोन मेमरी कार्डं घेऊन मढ. एकात जुना ड्रायव्हर आणि ती ओळ : अडकत नाही, पण कधी अडकलाच तर बहिरा. दुसऱ्यात नवा. सगळं सांगितलं. लपवायचं मनात आलं होतं.
ताई : "म्हंजे दुसरं झोपलं तर हाकेला उठतं."
काशीनाथ : "आनि हाक कोन मारनार? रातच्याला?"
फाडकन बरोबर बोलला. मग म्हणतो, "त्यापेक्षा मना बसवा. मी अडकत नाय."
ताई : "तू जेवायला गेलास का चार वाजता उगवतोस."
फोनवर मृणालला काशीनाथचा प्रश्न सांगितला. तिने लगेच एक छोटी पहारेकरी प्रोसेस लिहून पाठवली : पहिलीची नाडी बघायची, थांबली की मारून परत उभी करायची. दुसरं कार्ड लावलं, पहारेकऱ्यासकट. तीच मृणालने गाळ्यातल्या टेबलावरही लावली.
ताई म्हणाल्या, सभेत तुमीच बोला. का अडकतं ते ठाव नाय, हेबी बोला.

शुक्र. ८
सभा चारला. सकाळी टेबलावरचा लॉग पाहिला. ९.४० ला अडकली होती. पहारेकऱ्याने मारली, परत उभी केली, टायमर सांभाळला, बल्ब लागला. आम्ही दोघं समोर बसून चहा पीत होतो. काही कळलं नाही.
मढची अजून एकदाही नाही.
मृणाल : "हे सांगणार तिथे?"
"सांगणार."
"मग बाया विचारतील, पहारेकरी झोपला तर?"
मालाडला बसच्या रांगेत उभा राहून लिहितोय. सभेत बोलायच्या यादीत हा प्रश्नही घातला. बस लागली.