चार पंखे आणि दोन बोटं

प्रिय इंदाय,

सगळ्यात आधी पोचली ती नांग लालिंग. मासळीची पाटी रस्त्यातच टाकून, हातात बर्फ फोडायचा दांडका घेऊन. तिच्या मागोमाग टायरवाला नोंग तासियो, टायर उचकटायची पहार घेऊन. दुकानापुढच्या सावलीवरून हे दोघं एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, त्या दिवशी मात्र एकदमच आत घुसायला गेले आणि दारात अडकले. तोवर तुझ्या नवऱ्याने, रोनिलने, माझा अंबाडा धरून माझं कपाळ टेबलावर आपटून झालं होतं. तू रडायला बसू नकोस. मी खुर्चीत ऐसपैस बसून लिहिते आहे, आणि हसू येतंय म्हणून अक्षर हलतंय. कपाळाला टाके पडलेत. आणि खालचा तो हलता दात, जो काढायला मी वर्षभर घाबरत होते, तो आपोआप निघाला.

पण असं मधूनच सांगितलं की तुला राग येतो. मग पंख्यांपासून सांगते.

तू दुमागेतेला बहिणीकडे निघून गेलीस, तेव्हा दुकानातलं ते नवं कॉम्प्युटरचं मशीन पोट उघडंच ठेवून गेलीस. नाणं टाकून खेळायची बाकीची मशीनं चालू, गिऱ्हाईकही येतंय, आणि हे आपलं कोपऱ्यात भुतासारखं. मांजरीने त्यात बाळंतपणासाठी जागा बघायला सुरुवात केली तेव्हा म्हटलं, आता बास, मीच जोडते. शाळा मी ऊसतोडीचा हंगाम लागेपर्यंतच पाहिली, पण तुझ्या शेजारी बसून शेंगा निवडता निवडता डोळे काही मिटलेले नव्हते. बोर्ड स्वस्तातला, त्याच्यावर खोक्याच्या पंख्याला जागा एकच, आणि पंखे चार. तू सांगितलेलं मला पाठ होतं, लोला आजी, चूल एक आणि हंडे चार, सगळे एकदम चढवलेस तर चूलच बसेल. म्हणून ती वाटणीची पट्टी घ्यायची, चारही पंखे तिच्यावर लावायचे, तिला वीज जाड वायरीने थेट पॉवर सप्लायच्या डब्यातून द्यायची. बोर्डाकडे जाईल ती फक्त एक बारीक वायर, हळू फिर की जोरात फिर एवढं सांगायला.

रोनिलने याच्या आधीच्या बोर्डाचं काय केलं होतं ते आठवत असेलच. दुकान भरलेलं असताना, ‘‘बाईमाणूस जोडत बसलं तर ख्रिसमस उजाडेल,’’ म्हणून त्याने चारही पंख्यांच्या वायरी दाताने सोलल्या, पीळ घातला आणि त्या एका जागेत कोंबल्या. वास आला, धूर आला, बोर्ड गेला. गिऱ्हाइकं पोट धरून हसली. नोंग तासियो म्हणाला, ‘‘व्वा रोनिल, ख्रिसमस तर नाही, पण फटाका वाजला.’’ रोनिलही हसला. दुसऱ्या दिवशी तू उजव्या हाताला प्लास्टर घालून आलीस. बोटं पंख्यात गेली लोला, म्हणालीस. मधलं आणि त्याच्या शेजारचं.

तर मी पट्टी लावली, चारही पंखे लावले. पुढचा एक उलटा बसला होता. तुझ्यासारखा कागदाचा कपटा धरायला मला सुचलं नाही, मी आपली सिगारेट तोंडातून काढली (पेटतं टोक आत ठेवून ओढते म्हणून नाक मुरडू नकोस, माझी आईही तशीच ओढायची) आणि धूर सोडला. तो आत जायचा तर माझ्याच नाकात आला. पंखा फिरवून बसवला, पुन्हा धूर सोडला, पुढून आत आणि मागून बाहेर, कसा अगदी मिरवणुकीसारखा सरळ. खुशीत वायर सारखी करायला हात घातला आणि माझं बोट पंख्यात गेलं.

इंदाय, चापट बसली. टिचकी म्हण. पंखा थांबला, मी बोट काढलं, तो परत फिरू लागला. नखालासुद्धा काही नाही. मी बोटाकडे बघत बसले. मग दुसऱ्या पंख्यात घातलं. तिसऱ्यात घातलं. चौथ्यात, त्याला सगळ्यात जोरात फिरवून, दोन बोटं घातली, मधलं आणि त्याच्या शेजारचं. जराशी लाली आली. माझी हाडं म्हणजे सुकलेला ऊस, तीही मोडली नाहीत. तुझी मोडली होती.

मी उठले, तोंड धुतलं, परत येऊन बसले. जुना जळका पॉवर सप्लायचा डबा टेबलाखाली पडला होता, तो पायाने जवळ ओढून ठेवला. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

आणि जेवणं उरकतायत न उरकतायत तोच रोनिल आला, सोबत त्याचा भाऊ जेरविन. दोघं दुपारीच झोकून आलेले. गिऱ्हाइकं पळाली. ‘‘कुठे लपवलीस तिला, थेरडे?’’ मी म्हटलं, ‘‘मशीनमध्ये शोध. तुला फार येतं ना त्यातलं.’’ त्याने वळून तुझं नवं मशीन पाहिलं, चारही पंखे फिरताना पाहिले, आणि लाथ घातली. काच फुटली. मी म्हटलं, ‘‘पंख्याने बोट मोडत नाही रे रोनिल, मी घालून बघितलंय.’’ त्याचा चेहरा असा झाला, जणू त्याच्या पोटात सुरी गेली. मग अंबाडा, मग टेबल, ते तुला सांगितलंच.

दात थुंकला, खाली हात घातला, वायरींचा झुबका मुठीत आला. विहिरीतून बादली ओढावी तसा तो लोखंडी डबा ओढला आणि घुमवला. पहिला फटका त्याच्या कोपरावर बसला. कडकन आवाज आला. त्याने अंबाडा सोडला. दुसरा गुडघ्यावर. तो खाली आला तेव्हा त्याचं तोंड माझ्या उंचीला आलं, मग तिसरा तोंडावर. समोरचे दोन दात की-बोर्डवर पडले. एकाला एक नाही, माझ्या एकाला त्याचे दोन. तिकडे जेरविनने नोंग तासियोचा ओठ फाडला, तासियोने पहार त्याच्या नडगीवर घातली. लालिंग मधे पडली आणि दांडक्याने त्याला अशी झोडपायला लागली, जणू बर्फाची लादीच. ‘‘बोटं मोडतोस?’’ म्हणायची आणि एक द्यायची. मी ओरडले, ‘‘अगं नांग, बोटं मोडणारा हा नव्हे, तो.’’ ती म्हणाली, ‘‘असू दे, दोघांची आई एकच.’’ रक्त, मासळीचं पाणी, काचा, सगळा चिखल. तासियोने शेवटी दोघांना टायरच्या ट्यूबने बांधलं, गाठ सुटेना म्हणून पोलिसांना ती कापावी लागली.

जेरविनला रात्र कोठडीत काढावी लागली, रोनिलला हात गळ्यात बांधून दवाखान्यात. आता दोघंही बाहेर आहेत.

काल रोनिलची आई, नांग कारिंग, तिच्या भावाला घेऊन आली. बिस्कोचो बिस्किटांचा डबा आणला होता, मी घेतला नाही. लालिंगने घेतला. ‘‘घरातली गोष्ट घरात मिटवू,’’ कारिंग म्हणते, ‘‘सूनबाईला बोलवा, बारांगाय पंचायतीच्या कप्तानासमोर हात जोडतील दोघं.’’ मी विचारलं, ‘‘मोडलेल्या हाताने जोडायचे का?’’ बायकांच्या तक्रारी घेणारी ती पोलीसबाई, सोलेदाद, तिने सांगितलंय की असल्या गोष्टीत समेट करायला कप्तानाला मुभाच नाही. तिनेच सांगितलं की तुझे मेसेज रोनिल वाचतो, म्हणून फोन न करता हे कागदावर, बसच्या कंडक्टरच्या हाती.

त्याच कंडक्टरने तुझा निरोप सांगितला. तू शनिवारच्या बसला बसणार आहेस. रोनिल लोलाच्या अंगावर जातोय, त्यापेक्षा मीच परत जाते, असं तू म्हणालीस. म्हणून हे सगळं लिहिलं, एकेक फटका सांगून. माझ्यासाठी परत यायची गरज नाही, पोरी. मला वाचवायला दोन शेजारी आणि एक जळका डबा पुरला. बसला बसू नकोस. प्लास्टरच्या वेळचा हाताच्या हाडांचा तो काळा फोटो तेवढा याच कंडक्टरच्या हाती पाठव, सोलेदादला हवा आहे. रोनिलकडचे परत येतील त्या दिवशी ती माझ्या शेजारी बसणार आहे, तासियो आणि लालिंग दारात. तुझं मशीन काचेशिवाय चालतंय, चारही पंखे फिरतायत.

कारिंग आणि तिचा भाऊ रोनिलला घेऊन परत येतो म्हणून गेलेत. रविवारी, दुसऱ्या प्रार्थनेनंतर.

तुझीच,
लोला पिलांग