जमीन शिकवताना

४ तारीख, सोमवार

पोचलो. शाळेमागची खोली झकास आहे. एक खाट, एक खिडकी, आणि खिडकीतून माझं अख्खं काम दिसतं. जुन्या वीटभट्टीची जागा शाळेनं मैदानासाठी घेतली आहे. पुढच्या सोमवारी मुलं इथे अनवाणी पळणार. त्याआधी मातीतला खिळा-पत्रा-तार सगळं उपसून, जागा साफ आहे म्हणून मी सही करायची. मुलीचं घर इथून दहा मिनिटांवर. नात याच शाळेत पहिलीत बसणार आहे, म्हणून तर हे काम मागून घेतलं. चाळीस वर्षं परक्यांच्या जमिनी साफ केल्या, शेवटची आपल्या माणसासाठी. मग खांद्याला सुट्टी.

शाळेत कामाला असलेल्या मावशींनी माझ्या धातू शोधायच्या मशीनच्या तीन गोल कॉइली बघून विचारलं, एवढ्या थाळ्या कशाला, पंगत बसायची आहे का? म्हटलं, या तिघी बहिणी आहेत. थोरली पंधरा इंची. मोकळ्या मातीत खोलवरचं ऐकते, पण कचरा असला की दहा खिळ्यांचा मिळून एकच गलका करते. मधली तांबड्या, लोहाच्या मातीत डोकं शांत ठेवते. धाकटी बशीएवढी. वीतभरापलीकडचं तिला कळत नाही, पण दोन खिळ्यांमधलं बटण नेमकं दाखवते. मावशी म्हणाल्या, म्हणजे आमच्या घरासारखंच, धाकटीच चुगलखोर!

माझ्याआधी एक जण येऊन गेला म्हणे. वरचा थोडा भाग झाल्यावर, खालच्या कोपऱ्यात जरा पाठ टेकतो म्हणाला, आणि मशीन तिथेच टाकून जो गेला तो गेलाच. कामचुकार.

५ तारीख, मंगळवार

सकाळी आधी मशीनला जमीन शिकवायची. कॉइल मातीवर चार-सहा वेळा वरखाली केली की मशीनला कळतं, ही गुरगुर म्हणजे नुसती माती, हिच्याबद्दल बोलायचं नाही. हे रिकाम्या जागीच करायचं. खाली काही असलं तर मशीन त्यालाही माती समजतं आणि गप्प बसतं. उमेदवारीत या चुकीपायी मी पाण्याचा अख्खा नळ हरवला होता. वस्ताद आठवडाभर मला ‘नळराजा’ म्हणायचे.

मग कॉइल माझ्या डाव्या पायावरून. तरुणपणी भंगाराच्या ढिगावरून कोसळलो, तेव्हापासून नडगीत सळई आहे, खालच्या टोकाला दोन स्क्रू. तिचा सूर मला पाठ आहे. लांब, घोगरा, शेवटी दोन टोचे. तो आला की मशीन ठीक.

आमचं शिक्षण बेताचं, पण कान तयार. भंगाराच्या दुकानात पाठमोरा उभा राहून, फरशीवर पितळ पडलं की लोखंड, हे सांगायचो. आज वरच्या भागात भाजलेल्या विटांचे तुकडे होते. थोरली नुसती किंचाळत सुटली, मधलीनं निभावलं. कुंपणालगत धाकटी. दोन घमेली खिळे, एक बिजागरी. खांदा बोलतोय.

६ तारीख, बुधवार

खालचा कोपरा. इथे विटा नाहीत. काळी, ओलसर, मऊ माती, थोरलीसाठीच केलेली. मधोमध एक सूर लागला. लांब, पण फार खोल. कमरेएवढं खणलं. काही नाही. उपसलेला ढीग तपासला, तो मुका. खड्ड्याचा तळ मात्र अजून सांगतोय. मावशींनी लांबून विचारलं, काका, विहीर काढताय का? हसलो आणि खड्डा बुजवला.

सूर ओळखीचा वाटला. कुठला, ते आठवेना. असं मला होत नाही.

७ तारीख, गुरुवार

आज तोच सूर मधलीनं ऐकला. मधली हातभराच्या खालचं सांगत नाही. काल तेवढं मी स्वतः उपसलं होतं आणि तिथे काही नव्हतं.

आज तो स्वच्छ आला. लांब, घोगरा, शेवटी दोन टोचे. पाय तर मी मागे, चांगला दोन हात लांब ठेवला होता.

पायावरून कॉइल फिरवली. सूर अगदी क्षीण, भिंतीपलीकडून आल्यासारखा. वाटलं, चुकीच्या जागी शिकवलं. फाटकापाशी जाऊन पुन्हा शिकवलं. तसाच.

कोपऱ्यात परत आलो आणि दमून तिथेच मातीवर बसलो. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. असं निवांत टेकायला कुठे मिळालंच नव्हतं. उठताना फार जिवावर आलं.

८ तारीख, शुक्रवार

धाकटीनंही ऐकला. म्हणजे वीतभर. वर येतोय.

पाय मुका. तिन्ही कॉइली लावून पाहिल्या. किल्ल्या वाजतात, चष्मा वाजतो, पाय वाजत नाही. आणि पाय दुखतही नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मशीन मला माती समजतंय.

मोठ्या बाईंनी सहीबद्दल विचारलं. उद्या देतो म्हटलं. आज दिवसात तीनदा तिथे जाऊन बसलो. जायचं नाही असं ठरवूनच —

९ तारीख, शनिवार

मुलगी नातीला घेऊन आली. पोरीला मशीनचा भारी नाद. तिच्या कानांपाशी कॉइल नेली की दोन्ही डूल वाजतात, टिंग, टिंग, आणि ती खिदळते. आजही वाजले.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात ती पळाली. बघतो तर खालच्या कोपऱ्यात उताणी. आबा, इथे किती मऊ आहे, झोपा ना.

उचलून आणली. कॉइल कानांशी नेली. टिंग नाही. नुसतं — श्वासासारखं काहीतरी.

थोरली घेऊन धावलो. खाली, फार खोल, दोन बारीक सूर. एकमेकांपासून वीतभर अंतरावर.

पोरीवर ओरडलो. ती रडली. मुलगी चिडली, बाबा, काही झालंय का तुम्हाला, असं कुणी ओरडतं का लेकरावर?

सही केली नाही. लिहून दिलं की खालच्या कोपऱ्यात जुन्या सळया आहेत, त्या निघत नाहीत, कुंपण घाला, आत एकही मूल जाऊ देऊ नका. खरं लिहिलं असतं तर कागद फाडला असता. सळयांवर विश्वास बसेल. तोवर दोरी बांधली.

१० तारीख, रविवार

सकाळी त्या दोन सुरांना मधलीही ऐकू लागली. उद्या शाळा. दुपारपर्यंत धाकटी ऐकेल, आणि मग पोरीचं —

एकच उपाय सुचला. त्या कोपऱ्याला कोणीतरी हवंय, थकलेलं. मी आहे की.

आडवा झालो. वही पोटावर. मशीन शेजारी.

थोरली जमिनीला लावली. दोन सूर खाली चाललेत. खाली. गेले. एक माणूस पुरतो, असं दिसतंय. सौदा वाईट नाही.

किल्ल्या वाजत नाहीत आता. चष्माही नाही.

माती कोमट आहे. खांदा — खांदा जाणवतच नाही.

मावशी आल्यात. काका, ओ काका, जेवायचं नाही का? मी हात वर केला. दोनदा माझ्यावरून नजर गेली. म्हणाल्या, हाही मशीन टाकून गेला वाटतं.

मुलगी आली. मशीन उचललं. मीच शिकवलंय तिला. माझ्या छातीवरून फिरवलं, पायावरून. गप्प. तिचे डोळे भरलेत. बाबा, बाबा करतेय. मी बोलतोय. ओरडतोय.

नात दोरीपाशी उभी आहे.

ती माझ्याकडे बघतेय. नेमकी माझ्याकडे. हसतेय.

नको गं. दोरीच्या आत नको. आबा नुसते जरा पाठ टेक—