दिल्या वचनाला धक्का

१२ जानेवारी, सकाळी
संकल्प : रावजी मास्तरांच्या कविता वेबसाइटवर घालणे. मास्तरांनी त्या कधी छापल्या नाहीत. फळ्यावर लिहायचे, तास संपला की पुसायचे. आता त्या पाठ फक्त मला आणि पावस गावच्या धाकूला. आम्ही एका बाकावरचे. त्याचा खोकला वाईट, तेव्हा घाई हवी. सूनबाई दिशाने मुंबईहून साइट उघडून दिली. वर मास्तरांचं नाव, खाली कोरं. आंबा उतरायच्या आत पूर्ण करणार.

१५ जानेवारी
दिशाने फोनवर गिट शिकवलं, लिहिलेलं साइटवर चढवायचं तंत्र. लिहायचं, कमिट करायचं, पुश करायचं. खोडलेलंही मागे जाऊन सापडतं म्हणे. मास्तरांचा फळा असा असता तर! कमिट म्हणजे वचन. सुंदर. पुश म्हणजे धक्का. दिल्या वचनाला धक्का लावू नये. ती पायरी गाळली.

२ फेब्रुवारी
कमिट जोरात. प्रत्येक कमिटला संदेश लागतो, मी श्लोकच घालतो. धाकूला कळवलं. म्हणाला, काय दिसत नाही रे. मोतीबिंदू. काढून घे म्हटलं.

२० फेब्रुवारी
धाकूशी वाजलं. 'होडीला ठाऊक पाण्याचे मन' असं तो म्हणतो. छे! 'वल्ह्याला ठाऊक'. म्हणे, मेल्या, होडी आमची होती, तू तर खाडीत डोळे मिटून बसायचास. 'वल्ह्याला' कमिट केलं. साइट माझी आहे.

९ मार्च
धाकूने डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. म्हणतो, डॉक्टरच्या नाकातले केससुद्धा दिसतात, तुझं पान कोरंच. मत्सर, दुसरं काय! किंवा पावसला रेंज नसते. कविता दिसायला मन लागतं, असं सुनावलं. त्याने फोन ठेवला.

२८ मार्च
फोन नाही. मीही करणार नाही. आधी त्याने करावा.

५ एप्रिल
आजही नाही. हापूसची पेटी दरवर्षी त्याच्याकडून येते. तेव्हा बोलेलच.

११ एप्रिल
फोन आला. त्याच्या मुलीचा, सानिकाचा. धाकू पहाटे गेला. खोकला छातीत उतरला होता. मोबाइल उशाशी घेऊन असायचे म्हणाली. कोरं पान उघडून बघायचे, म्हणायचे, टाकील तो, आळशी नाही.
कमिट नाही.

२४ एप्रिल, दुपारी
दिशा सुट्टीवर आली. लॅपटॉप बघितला. बाबा, म्हणाली, हे सगळं इथेच पडलंय, पुश एकदाही केलं नाहीत? वचन आणि धक्क्याचं समजावून सांगितलं. ती हसली नाही.

संध्याकाळी
'वल्ह्याला' काढून 'होडीला' केलं. श्लोक सुचेना. संदेशात 'धाकू बरोबर' एवढंच. पुश केलं. कविता दिसू लागल्या.
लिंक धाकूच्या नंबरवर पाठवली. एकच टिक आली.
पावसला रेंज नसते.