खाज्याचा पिवळा डबा

१४ जुलै, सोमवार

माणूस आहे की टँकर? खाजं दिलं तर थँक्यू नको, हसणं नको, निदान एक तुकडा तोंडात तरी टाकायचा! डबा हातात घेतला, उलटा करून बूड बघितलं, आणि म्हणाले, "बरं, बाई." बरं, बाई! एवढंच! आणि गेले चढून आपल्या टँकरवर. काच पण वर केली.

मी काय ढेकळं दिली होती? मालवणी खाजं. आल्याचं, गुळाचं. काल रविवारी अजमानला लेकीकडे गेले होते. दर्शनाच्या ओट्यावर हा पिवळा डबा. दूध पावडरीचा, निळ्या नायलॉन दोरीनं बांधलेला. म्हटलं, "कुठनं आलं गं हे?" तर म्हणाली, "खाजं आहे, सुजीतच्या ओळखीच्या कुणीतरी दिलं. गोड कोण खातंय आमच्यात? ने तुला हवं तर." मला कुठले दात खाजं फोडायला! पण नागेशराव कुडाळकडचे. वर्षभर ऐकतेय, आमच्या जत्रेतलं खाजं, आमच्या जत्रेतलं खाजं. म्हणून उचलला. शेजारच्या सीटवर ठेवून बेल्ट लावून आणला डबा!

आणि हे म्हणे बरं, बाई.

किलोमीटर १४६. (डायरी कंपनीनं किलोमीटर लिहायलाच दिलीय. ते एका ओळीत होतं. उरलेलं पान कोरं कशाला सोडायचं?)

१५ जुलै, मंगळवार

पाण्याच्या टाकीपाशी समोरून गेले. हात केला नाही. मीही नाही केला.

१४६.

१७ जुलै, गुरुवार

आज वादळ आलं. पावणेतीनला. कंपनीच्या बायका पॅकिंग शेडमधनं व्हॅनमध्ये घेतल्या, चौदाच्या चौदा, फगा गाव सोडलं, आणि ओमानच्या बाजूचे डोंगर काळे झाले. गाडीत सत्तेचाळीस दाखवत होतं, तेवढ्यात वाऱ्याला गारवा आला. गार वारा आला की समजायचं! रस्त्यावरनं आधी वाळूचे साप पळायला लागतात, आडवे. मग समोरचा ट्रक असतो आणि नसतो. मग बॉनेटच नसतं. नुसतं तांबडं. पत्र्यावर कुणी ज्वारीची पोती ओततंय असा आवाज.

मागनं सोनम ओरडली, "मावशी, तुमचं वादळ आलं!" सगळ्या खिदळल्या. ही पोरगी लांज्याची, जिभेला हाड नाही. मी म्हटलं, "गप बस, नाहीतर इथंच उतरवीन."

पण खोटं कशाला लिहू. माझंच आहे ते वादळ.

मागच्या जुलैत याच रस्त्यावर मी चारी इंडिकेटर लावून हळूहळू चालले होते. गडहिंग्लजला टेम्पो चालवायचे तेव्हा धुक्यात तसंच करायचो सगळे. कुणीतरी काचेवर धाडधाड हात आपटला. तोंडाला टॉवेल बांधलेला माणूस, हेच नागेशराव. "बाई, चारी लावून चाललाय कुठं? मागच्याला कळत नाय तुम्ही उभे की चालते! रस्ता सोडा. पूर्ण सोडा. त्या झाडापाशी चला. आता लाइट बंद. सगळे. नायतर तुमचा लाइट बघून मागचा रस्ता समजून इथंच येऊन धडकेल. आणि ब्रेकवरनं पाय काढा! ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा लागतो, ठाऊक हा ना?" मला ठाऊक नव्हतं. लायसनला चार वेळा नापास झाले, पाचव्यांदा पास, पण हे कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून वादळ आलं की ते गाफचं, म्हणजे आपल्या शमीचं झाड. मी रस्ता सोडते, लाइट बंद, पाय वर. ते टँकर लावतात आणि थर्मास घेऊन येतात. काळा चहा, लिंबू पिळलेला. खिडकीतनं कप आत. वीस मिनिटं, चाळीस मिनिटं. तोंडात वाळू आणि चहा. बायको कोविडात गेली ते तिथंच सांगितलं त्यांनी. माझे मालक जाऊन एकोणीस वर्षं झाली ते मी तिथंच सांगितलं. दुसऱ्या कुणाला मी ते कधी सांगत नाही. सांगायचं काय त्यात.

आज टँकर होता झाडापाशी. थर्मास आला नाही.

पंचवीस मिनिटं मी त्या बंद काचेकडे बघत बसले. 

१४६.

२० जुलै, रविवार

अजमान. डबा कुणी दिला होता, परत विचारलं. जावई सुजीतराव मोबाइलमध्ये बघत म्हणाले, "ऑफिसमधला एक जण." दर्शना म्हणाली, "आई, चार वेळा काय विचारतेस?" दोनदाच विचारलं होतं.

२६ जुलै, शनिवार

सोनमनं पेट्रोल पंपावर ऐकलं. नागेशरावांनी राजीनामा दिला. बावीस ऑगस्टचं तिकीट, शुक्रवार. गणपतीला गावी. कोकणातला माणूस गणपतीला जाणारच, त्यात नवल काय? दरवर्षी जातात, खोबऱ्याच्या वड्या घेऊन येतात. पण या वेळी येणार नाहीत. खलास. घर दुरुस्त केलंय, तिथंच राहणार.

सोनम म्हणाली, "मावशी, तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी?"

मी म्हटलं, "मला कशाला सांगतील? मी काय त्यांच्या टँकरची मालकीण?"

गाडी धुतली. दोनदा.

२७ जुलै, रविवार

मी काय वाट बघत होते? खरं लिहिते, हे पान कोण वाचणार आहे! मी वाट बघत होते की हा माणूस एकदा विचारेल. एकोणपन्नास वय माझं. नाव रंभा आणि हात रेडिएटरला भाजलेले. विचारलं असतं तर मी आधी शिव्या दिल्या असत्या. मग हो म्हटलं असतं. गेल्या गणपतीपासून हो तयार ठेवलंय, डब्यात घालून ठेवतात तसं. विचारायला काय लागतं? थर्मास देताना दोन शब्द. तेवढेही होत नसतील तर जा म्हणावं कुडाळला, बस गणपतीपुढं!

नको. जाऊ नको.

३ ऑगस्ट, रविवार

अजमानला सहज म्हणून बोलले, तो पाण्याच्या टँकरवरचा नागेश म्हणून आहे ना, तो कायमचा चाललाय. दर्शना पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. सुजीतरावांकडे बघितलं तिनं. मग म्हणाली, "बरं झालं. म्हणजे... आपल्या गावात गेलेलं बरंच ना माणसाला."

पोळी करपली. मैथिली आठ वर्षांची आहे, सगळं बघते. "आजी, why are you sad?" मी म्हटलं, "मी सॅड नाही, मला भूक लागलीय." "You're lying," म्हणाली.

७ ऑगस्ट, गुरुवार

वादळ नाही. आकाश घासून ठेवलेल्या परातीसारखं. तीनला झाडापाशी उगाच गाडी हळू केली. मागच्यानं हॉर्न मारला.

१४६.

११ ऑगस्ट, सोमवार

वादळ नाही. मेलं हवामान! जूनभर रोज येत होतं, तेव्हा मी वैतागायचे.

१६ ऑगस्ट, शनिवार

उशीर झालाय. तरी लिहिते.

दोनला निघाले, बायका आणायला. व्हॅन रिकामी. फग्याच्या अलीकडे वारा गार झाला. मला, देवाशपथ सांगते, आनंद झाला! अशी बाई मी. लोकांच्या गाड्या उलटायची वेळ आणि मी खूश. झाड दिसेना. मोजून गेले, पुलानंतर चौथा खांब. रस्ता सोडला, लाइट बंद, ब्रेकवरनं पाय वर. आणि मग गारा! वाळूत गारा, सुपारीएवढ्या. आधी तांबडा चिखल काचेवर, मग पांढरा मारा. कानठळ्या बसल्या.

पुढं दहा हातांवर टँकर होता. लाइट बंद करून. मी तो बघितलाच नव्हता. अजून जरा पुढं गेले असते तर लागलेच असते.

दार उघडलं आणि नागेशराव आत आले, डोक्यावर पाण्याचा रिकामा कॅन धरून. भिजलेले. थर्मास होता! बसले शेजारी. डबा बसला होता त्याच सीटवर. पहिल्यांदा आत बसले ते, आजवर खिडकीबाहेरच. कप दिला. मी कप धरला. तोंडाळ म्हणून गाव घाबरतं मला, आणि मी नुसती चहात फुंकर मारत बसले.

शेवटी म्हटलं, "जाताय म्हणे."

"होय."

"सांगायचं होतं."

त्यांनी थर्मासचं झाकण लावलं. मग म्हणाले, "आता काय सांगूचा? डबो परत इलो. माका कळला."

मी म्हटलं, "कसला डबा?"

"दुसऱ्या कुणाच्या हातून आला असता तर विचारलं असतं, बाई. तुमच्याच हातून आला. दोरी पण सोडली नव्हती. राग नाय माझा. सहा जुलैला तुमची ड्युटी होती, तो दिवस बघून गेलो अजमानला. म्हटलं, पद्धतीनं जाऊया. लेकीला, जावयाला विचारूया. लेक म्हणाली, आईशी बोलून सांगते. आठ दिवसांनी तुम्ही डबा आणून दिलात. माझाच डबा. बुडाला मी नाव कोरलंय."

माझ्या कानात गारा की काय, काही कळेना. मी म्हटलं, "काय विचारलंत लेकीला?"

ते लाजले. चोपन्न वर्षांचा माणूस, आणि लाजला! तेवढ्यात पोलिसांची गाडी आली, भोंग्यावर "यल्ला, यल्ला", म्हणजे चला निघा, रस्ता मोकळा झाला होता. सुपरवायझरचा फोन, बायका शेडबाहेर उभ्या. ते उतरले. कप माझ्याकडेच राहिला.

हाक मारायची होती. नाही मारली. आधी लेकीच्या तोंडून ऐकायचं. विचार न करता बोलायची खोड आहे माझी, पण हे तसं बोलायचं नाही.

बायकांनी टिफिनच्या झाकणात गारा गोळा केल्या होत्या. सोनमनं एक माझ्या तळहातावर ठेवली. 

१४६.

१७ ऑगस्ट, रविवार

अजमान. चप्पल काढायच्या आधी विचारलं. "सहा जुलैला कोण आलं होतं?"

सुजीतराव उठून बाल्कनीत गेले. दर्शना म्हणाली, "आई, बस तर आधी." मी बसले नाही. मैथिली सोफ्यावरनं म्हणाली, "The tanker uncle! He was wearing a very nice shirt." लेकरानं सांगितलं. मोठ्यांनी नाही.

दर्शना रडायला लागली. "सासरी काय सांगू मी? लोक हसतील आई. या वयात?" मी म्हटलं, "कुठल्या वयात? तुला दहा वर्षं टेम्पो चालवून वाढवलं त्या वयात लोक कुठं होते?" मग ती म्हणाली, "आणि तू गेलीस तर मला इथं कोण आहे?"

ते खरं होतं. ते लागलं मला. जवळ घेतलं तिला. पण माफ नाही केलं, लगेच नाही होत. म्हटलं, "नकार द्यायचा होता तर तुझ्या तोंडानं द्यायचा. माझ्या हातून डबा पाठवलास."

"मी पाठवला नाही. तूच उचललास. मला वाटलं, खाऊन संपवशील."

दात नाहीत मला! माझ्या लेकीला एवढंही ठाऊक नाही.

महिनाभर तो माणूस त्या झाडाखाली काच वर करून बसला. आणि मी शिव्या देत होते.

१८ ऑगस्ट, सोमवार

सकाळी गाडी काढायच्या आधी नागेशरावांना आवाज पाठवला फोनवर. लिहायला गेले तर चौथीच्या चुका होतात. काय बोलले ते इथं उतरवते, मागनं मीच नाकबूल व्हायला नको.

"नागेशराव, रंभा बोलतेय. डबा मी परत केला नव्हता. तो तुमचा आहे हेच मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला आवडतं म्हणून आणला होता, बेल्ट लावून. तुम्ही लेकीला विचारलंत, जावयाला विचारलंत. गाडी मी चालवते, मला विचारलं नाहीत. आता मीच विचारते. माझ्याशी लग्न करणार का? लगेच विमानात बसणार नाही मी, लेकीला सावरायला दिवाळीपर्यंत वेळ लागेल. नंतर येईन. कुडाळला रस्ते असतीलच, टेम्पो मी चालवीन. गुरुवारी तीनला बायका घेऊन झाडापाशी थांबते, वादळ असो नसो, चारी इंडिकेटर लावून. शुक्रवारी तुमचं विमान आहे. हो की नाही, ते मला गुरुवारी तीनपर्यंत कळलं पाहिजे."