प्रयागबाई हयात आहेत

॥ श्री ॥
बेला, जि. आदिलाबाद
शुक्रवार, दि. २६ सप्टेंबर २०२५, सकाळी सव्वाअकरा

ती. स्व. केशवमामा यांस,
जीवनचा शि. सा. न. वि. वि.

पोस्टमन आला तेव्हा मी दुकानात बसून आमच्या सिनेमाखाली आलेले प्रेक्षकांचे अभिप्राय वहीत उतरवत होतो. एकशे अठ्ठ्याण्णव नंबरचा अर्धाच राहिला, कारण बाबांच्या नावाने आलेल्या पाकिटावर तुमचे अक्षर दिसले. बाबा मालासाठी आदिलाबादला गेले होते, म्हणून मीच ते फोडले. फोडायला नको होते, क्षमा असावी. आधी महत्त्वाचे लिहितो. मामा, आई हयात आहे. या क्षणी ती मागच्या अंगणात गवारीच्या शेंगा निवडत आहे आणि मला दोनदा हाक मारून झाली आहे.

भिवाजीकाकांच्या मोबाईलवर तुम्ही जे पाहिले ते खरे नव्हे. इथला पियुष लग्नाचे व्हिडिओ काढतो. त्याने त्याच कॅमेऱ्यावर 'बॉर्डरचा बदला' नावाचा बावन्न मिनिटांचा मारामारीचा सिनेमा काढला आणि सरळ यूट्यूबवर सोडला. गोष्ट मी लिहिली. गुंड हिरोच्या आईला मारतात आणि हिरो बदला घेतो, एवढीच आहे. सिनेमात मरायला गावातली एकही बाई तयार होईना, म्हणून आपली आई उभी राहिली. विसाव्या मिनिटाला तिच्या फोटोला हार आहे. शेजारी रडणारा मीच, हिरोचा धाकटा भाऊ. डोळ्यांखाली बाम लावला होता. बाबा डोक्याला हात लावून बसलेले दिसतात ते मात्र खरे आहे, कारण सकाळपासून घरात तेरा माणसे चहा पीत होती. तेवढाच तुकडा कोणीतरी कापून व्हॉट्सअॅपवर फिरवला. सिनेमाखालीही सोळा जणांनी भावपूर्ण श्रद्धांजली लिहिली आहे. मला वाटले थट्टा करतात. तिथेच मी चुकलो.

सात वर्षे बहिणीच्या दारात पाऊल टाकले नाही याची बोच आता मरेपर्यंत राहील, असे तुम्ही लिहिले आहे. ती कधी गेली हे विचारायलाही तोंड उरले नव्हते, म्हणून अविधवा नवमीला तिच्या नावाने सवाष्ण जेवू घातलीत. मामा, रंजीताताईच्या लग्नात तुमची जीप वाटेत बिघडली आणि मुहूर्त टळेल म्हणून तिच्या पाठीशी मामा म्हणून दुसऱ्याच माणसाला उभे केले, हे आमचे चुकलेच. तुम्ही न जेवता निघून गेलात. तेव्हापासून दर भाऊबीजेला आई चंद्राला ओवाळते.

तुमचे पत्र मी अजून तिला दाखवलेले नाही. ती जिवंत आहे असे कळले की तुमचा जुना रागही परत येईल, ही भीती वाटते. पण खोटे कसे लिहू? भाऊबीज २३ ऑक्टोबरला आहे. याल का, एवढे कळवावे.

पत्रात जी माया दिसली ती हे वाचूनही तशीच ठेवावी.
आपला भाचा,
जीवन


पाटणबोरी
३ ऑक्टोबर

चि. जीवन यास,
अनेक आशीर्वाद, त्यातला एक तूर्त राखून ठेवला आहे.

तुझं पत्र वाचलं अन् आधी ओट्यावर बसून घेतलं. तुझ्या मामीनं गल्लीत साखर वाटली. ती वाटून झाल्यावर मी तुला ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहीत नाही. आपल्या भाच्याचं अक्षर एवढं सुरेख अन् अक्कल एवढी पातळ कशी, हे कोडं मला सुटलं नाही. माणसं श्रद्धांजली वाहून राह्यली अन् तू त्यांना नंबर देत बसला!

तीन दिवस सुतक पाळलं मी. मिशी उतरवली. वीस वर्षं सांभाळलेली मिशी होती ती, पैनगंगेच्या दोन्ही काठांवर लोक मला तिच्यावरून ओळखत. आता भिवाजी रोज सकाळी विचारतो, की बहीण उठली काय. अन् नवमीला जेवून गेलेली बाई पातळ परत करू का म्हणून विचारायला आली होती. तिला म्हटलं, राहू दे माय, तुझ्या नशिबाचं आहे.

कागदावर भरवसा नव्हता, म्हणून भिवाजीच्या घरी बसून तुमचा सिनेमा अख्खा पाहिला. माझाही अभिप्राय तुझ्या वहीत चढव. गुंड मोटरसायकलवर पळतो तेव्हा तेच कडुनिंबाचं झाड चार वेळा येतं. हिरोला गोळी उजव्या हाताला लागते अन् तो त्याच हातानं सात जणांना लोळवतो. पिस्तूल लाकडाचं आहे हे आंधळ्यालाही दिसेल. फौजदाराच्या पायात स्लिपर आहे. इतक्या मारामारीत एकाचाही शर्ट फाटत नाही, ही मात्र तुमची काटकसर आवडली.

पहिली एकोणीस मिनिटं चांगली आहेत. प्रयाग भाकर थापते, पोराला रागावते, दारात उभी राहून वाट पाहते. थकली रे ती. केस किती पांढरे झाले, मला कोणी सांगितलं नाही. सांगणार तरी कोण? तेवढीच एकोणीस मिनिटं मी सात वेळा पाहिली. विसावं लागलं की भिवाजी स्वतःच बंद करतो.

येणं मात्र जमणार नाही. लग्नाचं मी विसरलो. पण माझ्या बहिणीच्या फोटोला जित्तेपणी हार घातला, अन् तो अजून जगाला दाखवून राह्यले तुमी. हार तिथं आहे तोवर त्या भिंतीखाली मी पाटावर बसणार नाही. अन् तिला नवमीचं सांगू नको. हसेल.

राग तुझ्यावर आहे, घरातल्या बाकीच्यांना आठवण सांग.
तुझा मामा,
केशवराव


॥ श्री ॥
बेला
गुरुवार, दि. ९ ऑक्टोबर २०२५, दुपारी दोन वाजून दहा मिनिटे

ती. स्व. केशवमामा यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा अभिप्राय दोनशे दोन नंबरला लिहिला आणि वही मिटत होतो, तेवढ्यात आई समोर येऊन बसली. दोन आठवडे हा पोरगा मला पाहून दचकतो काऊन, असे ती बाबांना विचारत होती म्हणे. मग मला लपवता येईना. तुमची दोन्ही पत्रे वाचून दाखवली. नवमीचे गाळणार होतो, पण तिने कागद उन्हात धरून ओळी मोजल्या. तिला वाचता येत नाही, मोजता येते.

ती हसली, मामा. पदर तोंडाला लावून हसली. मग म्हणाली की जित्या बहिणीले सात वर्सं भाकर इचारली नाही अन् मेलेलीले पुरणपोळी वाढून राह्यला काय हा, आणि पातळ कोणत्या रंगाचे होते तेवढे त्याला विचारून घे. नंतर एकोणीस मिनिटांचा मजकूर परत वाच म्हणाली. तीनदा वाचायला लावला. चौथ्यांदा मी आपणहून सुरुवात केली तर उठून चुलीकडे गेली आणि बराच वेळ इकडे तोंड केले नाही.

मी पियुषकडे जाऊन हार काढ म्हणालो. तो म्हणाला की लोक तोच तुकडा सर्वांत जास्त पाहतात, आणि आई मेली नाही तर हिरो कशाचा बदला घेणार. मी म्हणालो की मग माझे नाव काढ. आमचे इतके वाजले की हिरो झालेला पंकज मध्ये पडला. सिनेमात सात जणांना लोळवतो, इथे दोघांना आवरताना त्याला घाम फुटला.

त्या गडबडीत दोनशे तीन नंबरचा अभिप्राय आला. तलमडुगूच्या एका बाईंनी विचारले आहे की त्या माउलीला एकच काठी लागली, ती लगेच मेली असे ठरवले कोणी, दवाखान्यात का नेले नाही. मी ते पियुषला मोठ्याने वाचून दाखवले. तेव्हा तोच म्हणाला की हिरोने आईला दवाखान्यात लपवले, गुंडांना फसवायला फोटोला हार घातला, आणि बदला झाल्यावर ती घरी येते, असा शेवट करू. जुना सिनेमा त्याने काल रात्रीच उतरवला. नव्या शेवटासह परत सोडणार आहे. मोबाईलमध्ये फिरणारा तुकडा आमच्या हातात नाही, पण तो पाहणाऱ्याला आता पुढचे दाखवता येईल.

शेवटच्या प्रसंगात आई उंबऱ्यातून आत येते आणि फोटोवरचा हार स्वतः काढते. तिला दवाखान्यातून घरी तिचा भाऊ आणतो, असे मी लिहिले आहे. पियुष म्हणाला की नागनाथ किराणावाले भाऊ म्हणून शोभतील, उंचीही बरी आहे. आईने ते ऐकले. दुसरा कोणी भाऊ म्हणून उभा केला तर मी दवाखान्यातच राहीन, असे तिने पियुषला सांगितले आहे. तिने हे मला मोठ्या अक्षरांत लिहायला सांगितले. मी साध्याच अक्षरांत लिहितो, कारण ते तिने साध्याच आवाजात सांगितले.

शूटिंग भाऊबीजेच्या सकाळी दहाला ठेवले आहे. हार तुमच्यासमोर उतरेल, मग तुम्ही पाटावर बसावे. तुमच्यासाठी पाच ओळींचे संवाद सोबत लिहून पाठवले आहेत, सोपे आहेत. मिशीची काळजी करू नये, प्रेक्षकांनी ती पाहिलेली नाही.

नाही म्हणायचे असेल तर लवकर म्हणावे, वाट पाहणे आम्हांला अवघड जाते.
आपला,
जीवन


पाटणबोरी
१५ ऑक्टोबर

चि. जीवन यास,
सगळे आशीर्वाद, राखून ठेवलेला धरून.

पातळ हिरवं होतं, लाल काठाचं. तसंच दुसरं घेतलं आहे, प्रयागला सांग.

तुझे पाच ओळींचे संवाद मामीनं माझ्याकडून तीन दिवस म्हणवून घेतले. ताई, वाईटाचा अंत झाला, आता तू निर्भय हो, असं माझ्या तोंडून निघत नाही. मी तिला उभ्या जन्मात ताई म्हटलं नाही, ती माझ्याहून धाकटी आहे. कागद परत पाठवतो आहे.

तेवीसला पहिल्या गाडीनं निघतो, मामी सोबत आहे. मला अॅक्टिंग येत नाही. मी प्रयागचा हात धरून तिला घरात आणीन. तेव्हा कॅमेरा चालू असला तर असू द्या, नसला तर माझ्यासाठी थांबू नका.

भेटीत बोलू, तोवर तुझ्या आईला सांभाळ.
तुझा मामा,
केशवराव