अठरा पंखे, सगळे उलटे

६ जानेवारी, मंगळवार

पाऊण तास बोललो. एकटाच! समोर फक्त फोन, तोही पुस्तकांच्या ढिगाला टेकवलेला. लेक म्हणाली, बाबा, सहज बोल, समोर वर्ग बसलाय असं समज. कसं समजू? अठ्ठावीस वर्षं मोटर वाइंडिंग शिकवतोय. वर्गात कपाळाकडे बघून कळतं कुणाच्या डोक्यावरून गेलं ते. फोनला कपाळ नसतं.

प्राचार्यांचं नवं खूळ — आठवडाभर घरी व्हिडिओ बघायचे, घरीच तांब्याची तार घेऊन कॉइल भरायच्या आणि फक्त शनिवारी वर्कशॉपला यायचं. अठरा जणांची बॅच. सगळे नोकरदार, रोज येणं एकालाही शक्य नाही. प्राचार्यांनी स्वच्छ सांगितलंय: २८ फेब्रुवारीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत ही बॅच आपटली, तर हा प्रकार बंद. मग पूर्वीसारखी रोजची हजेरी. ज्याला जमेल तो येईल.

७ जानेवारी

व्हिडिओ बघितला नाही. माझा आवाज मलाच ऐकवत नाही. लेकीने परस्पर पाठवून दिला. ही म्हणाली, मी तीस वर्षं ऐकतेय, मला कुणी विचारलं का?

१० जानेवारी, शनिवार

पहिला शनिवार. हत्यारं, मीटर, तारेच्या जोडाला कथलाचा डाग देणं. वाइंडिंगला हात लावला नाही, ते व्हिडिओवर.

एक बाई आहे बॅचमध्ये. शर्टाच्या कारखान्यात कॉलर शिवते. मी मनातल्या मनात नाव ठेवलं — कॉलरवाली. बोटं काय चालतात तिची! पंपदुरुस्तीच्या दुकानात तिला काम मिळतंय, पण सर्टिफिकेट हवं. कारखान्यात सुट्टी शनिवारची, दुसरा वार मिळत नाही. म्हणजे रोजची हजेरी आली की तिचं सगळंच संपलं. हे सांगताना रडगाणं नाही. कुणी पत्ता सांगावा तसं सांगितलं.

२१ जानेवारी, बुधवार

डोकं तापलंय. ग्रुपवर कॉलरवालीचा मेसेज — "सर, शनिवारी तुमच्या शर्टाचा खिसा डावीकडे असतो. व्हिडिओत उजवीकडे आहे. बटणंपण बायकांच्या शर्टासारखी." झालं! बाकीच्यांनी हसरे चेहरे टाकले.

मी इथे घसा कोरडा करून कॉइल समजावतोय आणि ही बाई माझा शर्ट तपासतेय! लिहिलं — शर्टाकडे नाही, हातांकडे लक्ष द्या. तिने अंगठा टाकला. बरं झालं.

२७ जानेवारी

रोज विचारतो, समजलं का? अठरा जणांचे अठरा अंगठे. एवढं एकमत आमच्या घरात चहाच्या साखरेवरूनही झालेलं नाही. जमतंय म्हणायचं मला!

७ फेब्रुवारी, शनिवार

काय लिहू!

सगळ्यांनी घरी भरलेल्या टेबलफॅनच्या मोटारी आणल्या. काम बघून ऊर भरून आला — फेरे मोजून बरोबर, तार कुठे खरचटलेली नाही. पहिला पंखा लावला. फिरला. पण वारा मागे, भिंतीकडे! उलटा फिरत होता. म्हटलं, एक जण चुकला. दुसरा लावला — उलटा. तिसरा — उलटा. अठराच्या अठरा! भिंतीवरचा तक्ता फडफडतोय आणि पंख्यांसमोर आम्ही घामाघूम.

मग मी ओरडलो. एकाने चुकवलं आणि बाकीच्यांनी उतरवलं, लाज वाटत नाही का — तोंडाला येईल ते बोललो. सगळ्यांच्या माना खाली. कॉलरवाली तेवढी म्हणाली, "सर, व्हिडिओत आहे तसंच भरलंय." म्हटलं, व्हिडिओत मी आहे आणि मी उलटं भरत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी चौथा पाठ उघडला. पहिल्यांदाच. खिसा उजवीकडे.

लेकीला हाक मारली. तिने बघितलं आणि कपाळावर हात मारला. मला मी दिसावा म्हणून तिने फोनचा पुढचा कॅमेरा लावला होता. तो आरशात दिसतं तसं चित्र साठवतो. माझा उजवा हात डावा झाला, डावीकडे वळणारी तार उजवीकडे वळली. अठरा जणांनी काहीच चुकवलं नव्हतं. मी दाखवलं ते तंतोतंत केलं होतं. आणि अडीच आठवड्यांपूर्वी एकीने हे सांगितलं होतं. मी तिला गप्प बसवलं.

फार लाज वाटली. भीतीही वाटतेय. परीक्षेला वीस दिवस. बोटांना एकदा वळण लागलं की ते सहजी सुटत नाही.

९ फेब्रुवारी

प्राचार्यांकडे गेलो, सगळं सांगितलं. तारीख बदलणार नाही म्हणाले. शांतपणे म्हणाले, ते जास्त लागलं.

मग ग्रुपवर लिहिलं — चूक माझी आहे, तुमची नाही. एकीने दाखवली होती, मी ऐकलं नाही. शनिवारी बोललो त्याबद्दल माफ करा. रात्री कॉलरवालीचा मेसेज आला: "सर, मग आता उलट्याचं सुलट कसं करायचं ते शिकवा."

डोळे पुसले. ही स्वयंपाकघरात होती म्हणून बरं.

११ फेब्रुवारी, बुधवार

व्हिडिओ बंद! रोज संध्याकाळी सहा-सहा जण फोनवर. कॅमेरा माझ्या तोंडावर नाही, त्यांच्या हातांवर. त्यांनी भरायचं, मी बघायचं. समजलं का, हा प्रश्न विचारायचा नाही — कानाला खडा. म्हणायचं, दाखवा.

आज कळलं, एक जण उभ्या ट्रकमध्ये बसून मांडीवर कॉइल भरतो. एकाची धाकटी तारेचं रीळ पळवते. महिनाभर शिकवतोय आणि मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

तेच अठरा पंखे टेबलावर मांडले. म्हटलं, मी काही सांगणार नाही. हे सरळ करा, पण पूर्ण मोटर उसकटायची नाही.

अर्धा तास नुसते पंखे उलटेपालटे करत बसले. सांगून टाकायला जीभ वळवळत होती, पाणी पीत बसलो. मग कॉलरवाली दुसऱ्यांना समजावू लागली — बाही उलटी लागली म्हणून कुणी अख्खा शर्ट उसवतं का? एकच शिवण उसवायची. मोटर चालू करून देणाऱ्या कॉइलची दोन टोकं तिने सोडवली, अदलाबदल केली, डाग दिला. वारा तोंडावर!

हीच गोष्ट मी अठ्ठावीस वर्षं वहीत उतरवून देत आलोय. मुलं पाठ करायची आणि विसरायची. आज यांना ती सापडली.

२८ फेब्रुवारी, शनिवार

परीक्षा. परीक्षक बाहेरचे, चेहरा इस्त्री केलेला. मी दाराबाहेर, काचेतून बघत.

पंखे एकेक करून सरळ फिरले. कॉलरवालीचा लावला — वारा भिंतीकडे. घाईत बोटांनी जुनं वळण घेतलं होतं. माझं वळण! परीक्षकांनी पेन उचललं.

तिने दोन मिनिटं मागितली. टोकं सोडवली, बदलली, जोडली. पंखा सरळ फिरला, परीक्षकांचे कागद उडाले. त्यांनी विचारलं, हे कुणी शिकवलं? ती म्हणाली, "सरांनी. आधी उलटं, मग सुलट."

परीक्षक हसले की खोकले, काचेतून कळलं नाही.

११ मार्च, बुधवार

निकाल. सतरा पास, त्यात कॉलरवाली पहिली. ट्रकवाला लेखी पेपरात नापास, पुन्हा बसणार आहे. शनिवारचा वर्ग चालू राहणार! लेकीने मला खुर्चीसकट मिठी मारली.

१२ मार्च

प्राचार्य म्हणाले, पुढच्या वेळी दोन बॅच. शनिवारी आणखी एक शिक्षक लागेल, कुणी आहे का? मी नाव दिलं. म्हणाले, अहो, ती परवापर्यंत तुमची विद्यार्थिनी होती. म्हटलं, म्हणूनच.

तिला फोन केला. तिने विचारलं, "सर, मी शिकवलेलं तुम्ही तपासाल ना?"

म्हटलं, नाही. तुम्ही माझं तपासायचं.